सयामच्या जुन्या राजधान्या आणि तेथील जीर्णोद्धार

ब्रह्मदेश ओलांडून पूर्वेस गेले म्हणजे जो देश लागतो त्यास आज थायलंड म्हणतात. इ. स. १९३९ मध्ये हे नाव घेण्यापूर्वी तो सयाम या नावाने ओळखला जाई. जुन्या पिढीतील वाचकांस सयाम हेच नाव अधिक परिचयाचे असेल, म्हणून मथळ्यात तेच घातले आहे. या देशात राजधान्या पुष्कळ झाल्या आणि बुडाल्या, आणि प्रत्येक राजधानीबरोबर तिची देवळेही बुडाली. ती कोणी, केव्हा, कशी सावरली याचा वृत्तांत देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत वाचावयास मिळाला तर तो अस्थानी होणार नाही, असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

प्रथम नावे पाहा. अयुथ्या म्हणजे अयोध्या. लोपबुरी म्हणजे लवपुरी. सुखोथाई म्हणजे सुखोदय. फित्सनुलोक म्हणजे विष्णुलोक. सी सच्चनालाई हे नाव ऐकून काहीच बोध होत नाही, पण लिहिताना ते श्री सज्जनालय असे लिहिले जाते. अक्षरे संस्कृतची, उच्चार तिकडचा, एवढाच फरक. तेथील देवळास ‘वाट’ म्हणतात, स्तूपास ‘चेदी’ म्हणजे चैत्य, आणि सभागृहास ‘विहान’ म्हणजे विहार. आपण ज्यास जीर्णोद्धार म्हणतो त्यास त्यांचा शब्द आहे ‘बूरण-पटिसंखॉन’, म्हणजेच पूरण आणि प्रतिसंस्करण. जे उणे झाले ते पुरे करावयाचे आणि जे बिघडले त्यावर पुन्हा संस्कार करावयाचा. शब्द मोठा नेमका आहे.

दुसरी गोष्ट कालगणनेची. आपल्या पंचांगात जो शालिवाहन शक लिहिलेला असतो, तोच शक सयामच्या जुन्या शिलालेखांत आढळतो. तिकडे त्यास महाशकरात म्हणतात. सातवाहनांच्या पैठणशी ज्या शकाची सांगड आपण घालतो, तो शक इतक्या दूर दगडावर कोरलेला पाहून मराठी माणसास नवल वाटल्यावाचून राहत नाही.

या राजधान्या पाहण्यासाठी आठ-दहा जणांच्या लहान तुकड्या बँकॉकहून व्हॅनने निघतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत उत्तरेस चियांग माईपर्यंत व पूर्वेस कंबोडियाच्या सीमेजवळपर्यंत जाऊन येतात. आमची तुकडी आठ जणांची होती. विमानाने उड्या मारीत गेल्यास हा देश कळत नाही. रस्त्याने गेल्यास भाताची खाचरे, कालवे आणि दर चार-सहा मैलांवर एखादे वाट दिसत जाते, आणि राजधान्या नद्यांच्या काठानेच का सरकत गेल्या हे आपोआप ध्यानात येते. जेवणाची अडचण थोडी पडते. ‘जे’ हा एक शब्द सांगितला की मांस-मासळीविना ताट मिळते, एवढे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे.

बँकॉकच्या पश्चिमेस नाखोन पाथोम, म्हणजे प्रथम नगर, येथे सुमारे १२० मीटर उंचीचा स्तूप आहे. या भागात ‘श्री द्वारवती’ अशी अक्षरे असलेली चांदीची नाणी सापडली, त्यावरून येथे सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास द्वारवती नावाचे राज्य होते असे अभ्यासक मानतात. पुढे गाव ओस पडले आणि स्तूपावर रान वाढले. राजा मोंगकूट हा गादीवर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे भिक्षू होता. गादीवर आल्यानंतर त्याने इ. स. १८५३ मध्ये येथील काम काढले. जुना स्तूप पाडावयाचा नाही, असे ठरले. जुन्यास पोटात घेऊन त्याच्याभोवती घंटेच्या आकाराचा नवा मोठा स्तूप चढविला. मध्यंतरी बांधकाम ढासळले, आराखडा बदलावा लागला, आणि राजाचे निधन झाले. काम त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, इ. स. १८७० मध्ये पुरे झाले. आत दडलेला जुना स्तूप कसा होता हे लोकांस कळावे म्हणून त्याची प्रतिकृती आवारातच बांधून ठेवली आहे.

अयुथ्येविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे. इ. स. १३५० मध्ये राजा रामाधिपती पहिला याने ही राजधानी वसविली. चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी या तीन नद्यांच्या वेढ्यात हे शहर बेटासारखे आहे. ४१७ वर्षांत ३३ राजे येथे झाले. पोर्तुगीज, डच, फ्रेंच, जपानी, इराणी असे सर्व देशींचे व्यापारी येथे वखारी व वस्त्या करून राहिले. ब्रह्मी सैन्याने चौदा महिने वेढा घालून इ. स. १७६७ च्या एप्रिलात शहर घेतले आणि जाळले. राजवाड्यातील फ्रा सी सान्फेत या देवळात इ. स. १५०० च्या सुमारास बसविलेली सोळा मीटर उंचीची सुवर्णाच्छादित बुद्धमूर्ती उभी होती. तिच्यावरील सोने वितळवून काढण्यासाठी ती आगीत घातली गेली. आज तेथे तीन राजांच्या अस्थींवरील तीन स्तूप ओळीने उभे आहेत आणि विहाराच्या खांबांचे बुंधे तेवढे शिल्लक आहेत.

शहर जळाले त्यानंतर जे घडले ते पुष्कळांस ठाऊक नसते. इ. स. १७८२ मध्ये बँकॉक येथे नवी राजधानी उभारावयास घेतली, तेव्हा तटबंदीसाठी लागणाऱ्या विटा अयुथ्येच्या पडक्या भिंतींतून काढून होड्यांनी खाली आणल्या. पहिला राम या राजाने ओस पडलेल्या देवळांतून बाराशेंहून अधिक बुद्धमूर्ती गोळा करवून बँकॉकला आणविल्या. सान्फेतच्या त्या मूर्तीचे जे अवशेष उरले होते तेही आणून वाट फो येथील एका स्तूपात ठेवले. उन्हापावसात पडलेल्या मूर्तींस छप्पर मिळाले ही गोष्ट खरी. पण ज्या गावांतून त्या उचलल्या त्या गावांचे काय झाले असेल? नव्या राजधानीची शोभा जुन्या गावांच्या रितेपणातून आली, हे इतिहास वाचताना मनात राहिलेच पाहिजे.

अयुथ्येतच वाट राजबूरण आहे. नावाचा अर्थ राजाने पूरण केलेले, असा होतो. याची कथा अशी. राजाच्या मृत्यूनंतर दोघे वडील राजपुत्र गादीसाठी हत्तींवरून लढले आणि दोघेही मारले गेले. तिसरा, चाओ साम फ्राया, गादीवर आला. त्याने इ. स. १४२४ मध्ये भावांच्या दहनभूमीवर हे देऊळ बांधले आणि शिखराखालील तळघरात सोन्याच्या वस्तू पुरल्या. इ. स. १७६७ च्या लुटीतून ते तळघर वाचले. इ. स. १९५७ मध्ये मात्र चोरांनी ते खणून फोडले आणि पुष्कळ ऐवज लांबविला. काही परत मिळाला, काही कायमचा गेला. त्यानंतर सरकारच्या शिल्पाकर खात्याने रीतसर उत्खनन करून उरलेले बाहेर काढले. त्यात रत्नजडित सुवर्णखड्ग आहे, पाठीवर अंबारी असलेला सोन्याचा लहानसा हत्ती आहे, आणि हजारो मातीच्या छापील बुद्धमुद्रा निघाल्या.

हा ऐवज ठेवावयास इमारत हवी होती आणि पैसा नव्हता. तेव्हा खात्याने अशी योजना केली की, जो देणगी देईल त्यास तळघरातील एक मृण्मुद्रा प्रसादादाखल द्यावी. लोकांनी देणग्या दिल्या, आणि इ. स. १९६१ मध्ये चाओ साम फ्राया यांच्याच नावाचे संग्रहालय उघडले. पुराणवस्तू अशा वाटून टाकाव्या काय, यावर आजचा पुरातत्त्वज्ञ नाक मुरडील. माझे मत विचाराल तर ती योजना वाईट नव्हती. मुद्रा हजारोंनी होत्या, आणि खड्ग व हत्ती मात्र आज अयुथ्येतच आहेत, बँकॉकला गेले नाहीत.

जवळच मोंगखोन बोफित नावाची काशाची प्रचंड मूर्ती आहे, उंची सुमारे १२ मीटर. आगीत विहाराचे छप्पर कोसळून तिचा हात व माथ्यावरील भाग मोडला आणि पुढे बराच काळ मूर्ती उघड्यावरच होती. आजचा विहार इ. स. १९५६ मध्ये पुन्हा उभारला गेला. त्यासाठी आलेल्या देणग्यांत दोन लाख बाथची एक देणगी ब्रह्मदेशाचे पंतप्रधान उ नू यांनी दिलेली होती. ज्या देशाच्या सैन्याने ते छप्पर जाळले त्याच देशाने १८९ वर्षांनी ते घालावयास हातभार लावला.

देणग्यांचा विषय निघाला आहे तर आणखी एक प्रथा सांगतो. थाई लोक दानास ‘थाम बून’ म्हणतात. बून म्हणजे पुण्य, थाम म्हणजे करणे. वर्षावास संपला की भिक्षूंस वस्त्रे देण्याचा समारंभ होतो, त्यास ‘कठिन’ म्हणतात. त्या वेळी नोटा खोवलेली झाडाची फांदी मिरवणुकीने देवळात नेतात, आणि ते पैसे देवळाच्या दुरुस्तीस लागतात. जेथे छपराचे काम चालू असते तेथे दारातच कौलांची चळत आणि लेखणी ठेवलेली असते. ऐपतीप्रमाणे एक, दोन, दहा कौलांचे पैसे द्यावयाचे आणि कौलावर आपले नाव लिहावयाचे. ते कौल मग इतरांबरोबर छपरावर चढते. तेथे गेल्यावर ते नाव खालून कोणास वाचता येत नाही.

लोपबुरीस फार वेळ लागत नाही. तीन शिखरांचे ख्मेर पद्धतीचे देऊळ, त्याहून जुने एक लहान हिंदू देवालय, आणि राजा नाराय याचा वाडा. म्हणजे नारायण राजा. त्याने इ. स. १६६६ च्या सुमारास येथे दुसरी राजधानी केली आणि इ. स. १६८८ मध्ये तो येथेच वारला. माकडांसाठी हे गाव प्रसिद्ध होते. त्यांचा उपद्रव इतका वाढला की इ. स. २०२४ मध्ये सरकारने मोहीम काढून शेकडो माकडे पकडून नेली. विष्णुलोक येथील फ्रा बुद्ध चिनराज, म्हणजे जिनराज, ही मूर्ती साऱ्या देशात सुंदर म्हणून गाजलेली आहे. तेथे अवशेष नाहीत, तर नित्य पूजा आहे. फुले, उदबत्त्या आणि सोन्याचा वर्ख घेतलेली माणसे सकाळपासून रांगेने बसलेली असतात.

सुखोदयची स्थापना इ. स. १२३८ च्या सुमारास श्री इंद्रादित्य याने केली. तोपर्यंत या प्रदेशावर ख्मेर साम्राज्याचा अंमल होता. त्याचा पुत्र रामखामहेंग याचा म्हणून प्रसिद्ध असलेला शिलालेख शके १२१४, म्हणजे इ. स. १२९२ चा आहे. तो इ. स. १८३३ मध्ये वर सांगितलेल्या मोंगकूट यांनी भिक्षू असताना शोधून आणला. राजवाड्याच्या दाराशी घंटा टांगलेली असे, गाऱ्हाणे असणाऱ्याने ती वाजवावी आणि राजाने स्वतः निवाडा करावा, असे त्यात लिहिले आहे. हा लेख पुढच्या काळातील असावा अशी शंका काही विद्वानांनी घेतली आहे, परंतु थाई शाळांत तो पाठ शिकविला जातो.

अवशेष विस्तीर्ण आणि रम्य आहेत. कमळकळीच्या आकाराची शिखरे, तळी, आणि चालत असलेल्या बुद्धाच्या मूर्ती. एक पाऊल उचललेला बुद्ध घडवावा ही कल्पना सुखोदयच्या शिल्पकारांनी जितकी फुलविली तितकी अन्य कोठे आढळत नाही. वाट सी सावाय हे मुळात हिंदू देऊळ, पुढे त्याच्याच समोर विहार जोडून ते बौद्ध केले. राजा लिथाय हा स्वतः मोठा बौद्ध पंडित होता, तरी शके १२७१ मध्ये त्याने आम्रवनातील देवालयात महेश्वर व विष्णू यांच्या मूर्ती स्थापन केल्याचा लेख आहे. येथील महाधातू देवळातील आठ मीटर उंचीची शाक्यमुनीची मूर्ती इ. स. १८०८ मध्ये नदीमार्गे बँकॉकला नेली. ती आज तेथील वाट सुथात येथे आहे.

आता कांपेंग पेट. नावाचा अर्थ वज्राची तटबंदी. प्रवासी येथे तासाभराहून अधिक थांबत नाहीत, आणि माझ्या मते हीच त्यांची चूक होते. येथील संग्रहालयात पुरुषभर उंचीहून मोठी, काशाची, उभी शिवमूर्ती आहे. तिच्या पायथ्याभोवती लेख कोरला आहे, शके १४३२, म्हणजे इ. स. १५१०. नगराचा अधिपती श्री धर्माशोकराज याने नगरातील चतुष्पाद व द्विपाद प्राण्यांच्या रक्षणासाठी हा ईश्वर स्थापिला, असे त्यात म्हटले आहे. पुढे आणखी सांगितले आहे की, बौद्ध धर्म, शैव मार्ग आणि देवकर्म ही मलिन होऊ नयेत म्हणून त्याने नगराच्या आतील व बाहेरील देवळे आणि रस्ते दुरुस्त केले. त्यापुढील मजकूर तर शेतकऱ्यांनी वाचावा असा आहे. पूर्वी एका राजाने बांग फान गावापर्यंत कालवा खणला होता. तो बुजून गेला, लोक विसरले आणि शेते पावसाच्या भरवशावर करू लागले. या अधिपतीने तो कालवा शोधून काढला, उपसला आणि शेतांस वाहते पाणी पुन्हा दिले. देवळांची दुरुस्ती आणि कालव्याची दुरुस्ती एकाच लेखात, एकाच देवाच्या पायाशी नोंदविली आहे.

या शिवाचीही चोरी झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका जर्मन माणसाने मूर्तीचे मस्तक व हात कापून काढले आणि होडीने बँकॉकला नेले. तेथे अधिकाऱ्यांनी ते अडविले. राजा चुलालोंगकोर्न याने मूर्तीची प्रतिकृती करवून बर्लिनला पाठविली आणि मूळ मूर्ती देशात राखली. आज गावातील देवस्थानातही प्रतिकृतीच आहे, मूळ मूर्ती संग्रहालयात.

चियांग माई इ. स. १२९६ मध्ये राजा मंगराय याने वसविले. तेथील चेदी लुआंग या स्तूपाचा शेंडा इ. स. १५४५ च्या भूकंपात कोसळला. इ. स. १९९० नंतर युनेस्को व जपान यांच्या साहाय्याने काम निघाले तेव्हा खालचा भाग बळकट केला, पण शेंडा पुन्हा बांधला नाही, कारण तो मुळात नेमका कसा होता याचा पुरावा नव्हता. काही लोकांस हे अपुरे वाटते. केलेले काम फार नवे दिसते अशी उलट तक्रारही ऐकू येते.

पूर्वेकडील पठारावर देवळे दगडाची आहेत. फिमाय, म्हणजे विमयपुर, हे अंगकोरपासून निघणाऱ्या राजमार्गाचे टोक. या मार्गावर राजा सातवा जयवर्मन याने बाराव्या शतकाच्या अखेरीस सतरा धर्मशाळा बांधल्या होत्या. साऱ्या राज्यात मिळून त्यांची संख्या १२१ होती असे त्याचाच शिलालेख सांगतो. फिमायचे देऊळ बौद्ध असूनही दरवाजांवर रामायणातील प्रसंग आणि नाचणारा शिव आहे. इ. स. १९६४ ते १९६९ या काळात त्याचे काम झाले, आणि ते फ्रेंच तज्ज्ञ ग्रोलिए यांच्या सल्ल्याने झाले. पडक्या देवळातील प्रत्येक दगड मोजून त्यास क्रमांक द्यावयाचा, नकाशावर नोंदावयाचा, उरलेली भिंत थर-थर उतरवावयाची, पाया काँक्रीटने मजबूत करावयाचा, आणि मग तोच दगड त्याच जागी बसवावयाचा. जेथे दगड हरवला आहे तेथे नवा साधा दगड घालतात, त्यावर नक्षी कोरीत नाहीत. आपल्याकडे हेमाडपंती देवळांच्या काळ्या दगडावर तैलरंगाचे हात मारले जातात. या पद्धतीपुढे ते पाहून मन खट्टू होते.

शेवटी फानोम रुंग. शांत झालेल्या ज्वालामुखीच्या टेकडीवर हे शिवमंदिर आहे. मुख्य देऊळ बाराव्या शतकातील. येथेही दगड क्रमांक देऊन उतरविण्याचे काम इ. स. १९७१ मध्ये सुरू झाले आणि इ. स. १९८८ मध्ये संपले. सतरा वर्षे. परंतु पूर्वेच्या दरवाजावरची पट्टी जागेवर नव्हती. शेषशायी नारायण, पायाशी लक्ष्मी, नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मदेव, असे तिच्यावरील शिल्प. इ. स. १९६० नंतर केव्हातरी ती चोरीस गेली. राजपुत्र दामरोंग यांनी इ. स. १९२९ मध्ये येथे भेट दिली होती. त्या वेळच्या छायाचित्रात ती दिसते. त्यांचेच चिरंजीव प्राध्यापक सुभद्रदिस दिस्कुल यांनी पुढे ती पट्टी अमेरिकेत शिकागो येथील कलासंग्रहालयात मांडलेली पाहिली आणि ओळखली. मग पत्रव्यवहार सुरू झाला आणि वर्षे गेली. मंदिर पुरे होत आले तसा लोकांचा आवाज वाढला. सभा झाल्या, मोर्चे निघाले, एका लोकप्रिय गायकवृंदाने त्यावर गाणे केले. अखेर इ. स. १९८८ च्या नोव्हेंबरात नारायण परत आला.

छायाचित्र होते म्हणून हक्क सांगता आला. आपल्या पंचक्रोशीतील किती देवळांतील मूर्तींची छायाचित्रे, मापासह, कोणाच्या कपाटात आहेत, याची चौकशी करावयास हरकत नाही.

ती पट्टी आज मूळ जागी आहे. वरच्या त्रिकोणात नटराज, त्याखाली शेषशायी, अशी शैव-वैष्णवांची एकत्र मांडणी त्या एकाच दारावर आहे. मंदिराचे पंधरा दरवाजे एका रेषेत असल्याने वर्षातून चार वेळा, दोनदा उगवतीस व दोनदा मावळतीस, सूर्याचे किरण पंधराही दरवाजांतून आरपार जातात. एप्रिलातील उगवतीच्या वेळी तेथे जत्रा भरते, आणि पायथ्याच्या गावांतील लोक पहाटेच्या अंधारातच टेकडी चढू लागतात.